वळपाड्यापासून नुरदागीपर्यंत

२९ एप्रिल २०२३ च्या दुपारी भिवंडीजवळ वळपाडा येथील वर्धमान कंपाउंडमधली, खाली गोदाम आणि वर कामगारांची बिऱ्हाडे असलेली एक इमारत कोसळली, आणि घरात असलेली बायकामुले व गोदामात राबणारी माणसे एकाच ढिगाऱ्याखाली गाडली गेली. ठाण्याचे आपत्ती प्रतिसाद दल, अग्निशमन दलाचे जवान आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे लोक ज्याला सरसकट एनडीआरएफ म्हणतात त्या दलाची तुकडी, यांनी रात्रभर स्लॅब कापले, लोखंडी गज छाटले, मधूनमधून सर्व यंत्रे बंद करून ढिगाऱ्याला कान लावले. आणि आता आतून काही उत्तर यायचे नाही असे बघ्यांच्या मनाने घेतले असता दुसऱ्या दिवशी सकाळी एक माणूस जिवंत बाहेर आला. आठ जण मात्र गेले.

या ढिगाऱ्यावर ज्या दलाचे लोक गुडघे टेकून बसले होते, त्याच दलाच्या तीन तुकड्या त्याआधी तीन महिन्यांच्या आतच तुर्कस्तानात नुरदागी नावाच्या गावी, हाडे गोठविणाऱ्या थंडीत, नेमके हेच काम करीत होत्या. माणसे तीच नव्हती हे खरे. तुर्कस्तानास गेलेल्या तुकड्या गाझियाबाद, कोलकाता आणि वाराणसी येथील पलटणींतल्या होत्या, आणि भिवंडीस धावून येतात ते जवान पुणे जिल्ह्यातील सुदुंबरे येथे ठाणे असलेल्या पाचव्या पलटणीचे. पण दल एक, कवायत एक, अवजारे एक, आणि गज छाटताना खालच्या माणसाच्या अंगावर ठिणगी पडू नये म्हणून घ्यावयाची खबरदारीही एकच. परदेशात नैसर्गिक आपत्ती ओढवली असता एखादे राष्ट्र मदत कशी करते, या प्रश्नाचा विचार आपण सामान्यतः दिल्लीपासून, मंत्रालयाच्या निवेदनापासून आणि धावपट्टीवर उभ्या असलेल्या अजस्र विमानाच्या छायाचित्रापासून सुरू करतो. मला तो भिवंडीपासून सुरू करावासा वाटतो; कारण परक्याच्या ढिगाऱ्यात हात घालण्याची विद्या प्रत्येक राष्ट्र आपल्या स्वतःच्या ढिगाऱ्यांत शिकत असते, आणि भिवंडीने ही विद्या फार जबर किंमत मोजून शिकविली आहे.

वळपाड्यापूर्वी अडीच वर्षे, २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे, पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत झोपलेल्या बिऱ्हाडांसह खाली आली. यंत्रमागाच्या या शहरात रात्रपाळी आणि दिवसपाळी यांच्यामध्ये घर नावाची जी चार हात जागा असते, ती त्या इमारतीत होती; चाळीसच्या आसपास माणसे तिच्याखाली दगावली. देशात करोनाची साथ ऐन भरात होती, मदतकार्य करणाऱ्यांना तोंडावर मुखपट्टी बांधून चार दिवस मातीत राबावे लागले, आणि तरीही काही जीव, त्यांत एक चार वर्षांचे मूल, वाचविता आले. पाचव्या पलटणीच्या वाट्याला महाराष्ट्राने अशी शिकवणी वारंवार दिली आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गेले, जुलै २०२१ मध्ये महाडजवळचे तळिये गेले, जुलै २०२३ मध्ये खालापूरची इर्शाळवाडी गेली. चिखलात गाडलेला माणूस आणि काँक्रीटखाली अडकलेला माणूस यांना शोधण्याच्या रीती निराळ्या. माळीणमध्ये माती उपसताना जो संयम लागतो तो भिवंडीत स्लॅब उचलताना उपयोगी पडत नाही, तेथे निराळाच संयम लागतो. हे दोन्ही ज्यांना अंगवळणी पडले आहे, अशी माणसे जगात फार नाहीत.

हे दल मुळात परदेशी जाण्यासाठी निर्माण झालेच नव्हते. १९९९ चे ओडिशातील महाचक्रीवादळ आणि २६ जानेवारी २००१ चा भुजचा भूकंप या दोन आघातांनी सरकारच्या ध्यानी आणून दिले, की पूर, वादळ आणि भूकंप यांचा बंदोबस्त केवळ कलेक्टर, मामलेदार आणि पंचनामे यांच्या बळावर होणार नाही. २००४ च्या अखेरीस त्सुनामी आली, पुढच्या वर्षी आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला, आणि २००६ मध्ये आठ पलटणींचे दल उभे राहिले. आज त्या पलटणी सोळा आहेत. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल, इंडो-तिबेट सीमा पोलीस अशा निरनिराळ्या दलांतून ठरावीक मुदतीसाठी आलेली ही माणसे असतात. मार्च २०११ मध्ये जपानच्या पूर्व किनाऱ्यावर भूकंप आणि त्सुनामी यांनी प्रलय मांडला, तेव्हा या दलाच्या ४६ जणांची तुकडी ओनागावा येथे गेली, आणि भूकंपशास्त्रात जगाला धडे देणाऱ्या देशात आपल्या जवानांनी चिखल उपसला. दलाची परदेशातील ती पहिली कामगिरी.

आता तुर्कस्तानाची हकीकत थोड्या तपशिलाने सांगितली पाहिजे, कारण मदतीचे यंत्र आतून कसे फिरते ते तिच्यात स्पष्ट दिसते. ६ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे तेथे ७.८ क्षमतेचा भूकंप झाला आणि काही तासांनी ७.५ क्षमतेचा दुसरा. एकट्या तुर्कस्तानात पन्नास हजारांहून अधिक माणसे मरण पावली. त्याच दिवशी दिल्लीत पंतप्रधानांच्या कार्यालयात बैठक झाली. परराष्ट्र खात्याने त्या देशाची गरज आणि संमती विचारायची, गृहखात्याने एनडीआरएफला हुकूम द्यायचा, संरक्षण खात्याने विमान आणि लष्करी वैद्यकीय तुकडी द्यायची, आरोग्य खात्याने औषधे काढून द्यायची. आणि हे सर्व एकामागून एक नव्हे, तर एकाच वेळी. लष्करी माणूस हुकूम होताच निघतो, परंतु सरहद्द ओलांडायची म्हटली की दस्तऐवज लागतो. हजारो जवानांच्या त्या दलात पासपोर्ट असलेली माणसे थोडी. तेव्हा दीडशेवर माणसांची पारपत्रे एका रात्रीत तयार करण्यासाठी दप्तरातील कारकून जागले, आणि तुर्कस्तानाने उतरताच प्रवेश-परवाना देण्याचे मान्य केले. ढिगाऱ्यावरील जवानाचे छायाचित्र सर्वांनी पाहिले. कागद पुरे करणाऱ्या त्या कारकुनांचे कोणी काढले नाही, पण त्यांच्यामुळे वाचलेले बारा तास एखाद्या जीवाचे बारा तास होते. तुकड्यांत पाच महिला होत्या, आणि त्यांतील एक तर दीड वर्षाची जुळी मुले घरी ठेवून निघाली होती.

पहिले विमान अदाना येथे उतरले, आणि तेथून रस्त्याने गाझियांतेप प्रांतातील नुरदागी गाठण्यात आले. बरोबर ज्यूली आणि रोमियो नावाची दोन शिकवलेली कुत्री होती. एका सपाट झालेल्या इमारतीवर ज्यूली भुंकली; तिची खात्री करण्यासाठी रोमियोला स्वतंत्रपणे सोडले, तोही त्याच जागी थांबला; मग जवानांनी तेथून वाट काढीत आत जाऊन सहा वर्षांच्या मुलीला जिवंत बाहेर आणले. दुसऱ्या दिवशी आठ वर्षांची दुसरी मुलगी सापडली. दहा दिवसांच्या परिश्रमाचा हिशेब असा, की जिवंत हाती लागले ते दोन जीव, आणि बाहेर काढले ते ८५ मृतदेह. इकडे हाताय प्रांतात इस्केंदेरून येथे लष्कराच्या ६० पॅरा फील्ड हॉस्पिटलच्या ९९ जणांनी एका इमारतीत रुग्णालय थाटले आणि साडेतीन हजारांवर रुग्ण तपासले. या तुकडीला परदेश नवा नव्हता. १९५० मध्ये लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली हीच कोरियाच्या युद्धभूमीवर जखमींची शुश्रूषा करण्यासाठी गेली होती.

दोन जीव वाचविण्यासाठी एवढा खटाटोप कशाला, आणि आपल्याच देशात दारिद्र्य असताना परक्यांवर खर्च कशाला, असे विचारणारे लोक आहेत. ते वाईट नाहीत, आणि त्यांच्या प्रश्नाला उत्तर दिलेच पाहिजे. पहिली गोष्ट ही, की कोणत्याही भूकंपात जिवंत निघणारी बहुतेक माणसे पहिल्या काही तासांत शेजाऱ्यांनीच काढलेली असतात. हजारो मैलांवरून येणाऱ्याच्या वाट्याला येते ते सर्वांत कठीण, सर्वांत खोल आणि सर्वांत उशिराचे काम. नेपाळात २०१५ साली आपल्या जवानांनी अकरा माणसे जिवंत काढली, आणि ती संख्या अल्प वाटली तरी इतर देशांच्या तुकड्यांशी ताडून पाहता ती मोठीच ठरते. दुसरी गोष्ट, ८५ मृतदेह हा हिशेबातील तुच्छ आकडा नव्हे. ज्या बापाला आपल्या मुलाचे प्रेत दफन करण्यासाठी मिळाले, त्याचे दुःख संपत नाही, पण त्याची वाट पाहणे संपते. जिलानी इमारतीपाशी चार दिवस बसून राहिलेल्या भिवंडीकरांना हे समजावून सांगावे लागणार नाही. आणि तिसरी, नुरदागीतील गोठलेल्या काँक्रीटमध्ये शिकलेली युक्ती उद्या वळपाड्यात वापरली जाते. परदेशातील मदतीचा खर्च आणि स्वदेशातील तयारीचा खर्च यांची खाती अशी सहज वेगळी करता येत नाहीत.

मदत देणे हा देणाऱ्याचा मामला नव्हे. तो आधी घेणाऱ्याचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९१ मध्ये ४६/१८२ क्रमांकाच्या ठरावाने हे तत्त्व घालून दिले, की आपद्ग्रस्त देशाच्या संमतीने आणि तत्त्वतः त्याच्या आवाहनावरूनच बाहेरची मदत जावी. कागदावर निरुपद्रवी दिसणारे हे वाक्य प्रत्यक्षात किती नाजूक असते, ते ८ ऑक्टोबर २००५ च्या काश्मीरमधील भूकंपात दिसले. नियंत्रण रेषेच्या दोन्ही बाजूंस घरे पडली होती. आपण पाकिस्तानास तंबू, घोंगड्या आणि औषधे पाठविली, ती त्यांनी स्वीकारली, कारण चारच वर्षांपूर्वी भुजच्या वेळी त्यांचेही विमान तंबू-घोंगड्या घेऊन आले होते आणि आपणही ते नाकारले नव्हते. मात्र हेलिकॉप्टरे देऊ केली तेव्हा त्यांना ती वैमानिकांशिवाय हवी होती, आणि आपण ती तशी देण्यास तयार नव्हतो; डोंगरातील कित्येक वाड्यांना हेलिकॉप्टर हाच एक रस्ता उरला असताना ती जमिनीवरच राहिली. नोव्हेंबरमध्ये नियंत्रण रेषेवरील पाच ठिकाणे उघडली, हे त्या हिवाळ्यातील मोठे यश. पण तोवर बर्फ जवळ आले होते.

२५ एप्रिल २०१५ च्या नेपाळमधील भूकंपात भारताची पहिली विमाने त्याच दिवशी काठमांडूस पोहोचली. इतक्या त्वरेने दुसरे कोणी पोहोचले नाही, आणि याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु काठमांडूच्या विमानतळाला धावपट्टी एकच. जगभरच्या विमानांनी ती इतकी गजबजली, की पुढे तिला तडे जाऊ लागल्याने अवजड विमानांना उतरण्याची बंदी करावी लागली. आपल्या काही वृत्तवाहिन्यांच्या वार्ताहरांनी शोकाकुल माणसांच्या तोंडासमोर ध्वनिक्षेपक धरून जे प्रश्न विचारले, त्यांनी नेपाळी जनता संतापली. त्याच वर्षाच्या अखेरीस सरहद्दीवर मालमोटारी अडल्या, इंधन आणि गॅस तुटला, नेपाळने त्यास भारताची नाकेबंदी म्हटले आणि भारताने ते नाकारले. दोष कोणाच्या पदरी घालावा हा वाद आजही आहे, पण घर पडलेल्या माणसाचा तो पहिला हिवाळा होता एवढे तरी आपण विसरू नये. उपकाराची आठवण फार ठिसूळ असते, आणि ती जपण्याची जबाबदारी उपकार करणाऱ्यावर अधिक असते असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत बनविण्यास महाराष्ट्राची स्वतःची आठवण कारणीभूत आहे, कारण आपण दोन्ही बाजूंस उभे राहिलो आहोत. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाने होरपळलेल्या चीनला काँग्रेसने जे पाच डॉक्टर धाडले, त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर हे दोघे होते; मुंबई बंदरातून ते निघाले तेव्हा त्यांचा देश स्वतः पारतंत्र्यात होता. कोटणीस परतले नाहीत, ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच त्यांचा देह पडला. आणि त्यानंतर तीस वर्षांनी, १९७२ च्या दुष्काळात, याच महाराष्ट्रातील लाखो कुटुंबे खडी फोडण्याच्या कामावर उभी राहून अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो खात होती. त्या भाकरीची चव आणि त्या रांगेतील खाली घातलेली मान ज्यांना आठवते अशी माणसे आजही हयात आहेत. दान घेताना माणसाला काय वाटते हे त्यांना विचारावे.

२६ डिसेंबर २००४ हा या इतिहासातील वळणाचा दिवस. त्सुनामीने नागपट्टिणमपासून अंदमान-निकोबारपर्यंत भारताची हजारो माणसे नेली. आणि त्याच चोवीस तासांत आपल्या नौदलाची जहाजे श्रीलंकेकडे निघाली, मग मालदीवकडे, मग इंडोनेशियाकडे. निरुपक हे मुळात समुद्राची मोजणी करणारे जहाज. त्यास रुग्णालयाचे रूप देऊन आचेच्या किनाऱ्यावर पाठविले. त्याच वेळी सरकारने परकीय सरकारांची मदत नम्रपणे नाकारली, आपले आपण निभावून नेऊ असे सांगितले. घेणारा देश देणारा झाला, अशी त्या दिवसाची सर्वत्र नोंद झाली. मला त्या नकाराविषयी पूर्ण समाधान नाही. २०१८ मध्ये केरळात महापूर आला तेव्हाही तीच भूमिका कायम ठेवण्यात आली. ज्या राज्याच्या घराघरातील माणूस आखातात राबतो, त्या राज्याला आखातातून येऊ पाहणारा हात सरकारी धोरणाने अडवावा, हे स्वाभिमानाचे लक्षण आहे की त्याचा अतिरेक, याचा विचार शांतपणे झाला पाहिजे. ज्याला देता येते त्याला घेताही आले पाहिजे.

घेण्यातून काय मिळते त्याचे सर्वांत मोठे उदाहरण किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपतीचे विसर्जन करून लोक नुकतेच निजले असता, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त झाली. आठ हजारांच्या आसपास, आणि काही हिशेबांनुसार त्याहूनही पुष्कळ अधिक माणसे मेली. भूकंप फार मोठ्या क्षमतेचा नव्हता. माणसे मारली ती घरांनी. मराठवाड्यातील जुने घर म्हणजे गोल दगडांची, चिखलात बसविलेली, दोन-अडीच हात रुंद भिंत, आणि वर लाकडी खणांवर घातलेले मातीचे जडशीळ माळवद. भिंतीच्या आतला आणि बाहेरचा थर यांना जोडणारा लांब दगड नसे. हादरा बसताच दोन्ही थर विलग होऊन आडवे झाले आणि उन्हाळ्यात गारवा देणारे माळवद निजलेल्या माणसांच्या छातीवर बसले.

जागतिक बँकेचे कर्ज आले, देशोदेशींच्या संस्था आल्या, आणि ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. हे पुनर्वसन त्या काळी जगातील मोठ्या प्रयत्नांपैकी एक गणले गेले, आणि त्याबद्दल राज्याच्या प्रशासनास श्रेय दिलेच पाहिजे. परंतु त्यात एक उणीव राहिली. नव्या गावांचे आराखडे नगररचनेच्या पुस्तकातून आले होते; सरळ रुंद रस्ते, एकमेकांपासून दूर घरे. ज्या गावात भावकीची दारे एकमेकांसमोर उघडत, वाड्यात जनावरे आणि कडबा राही, ओसरीवरून हाक मारली की गल्लीभर ऐकू जाई, त्या गावच्या माणसाला शहरी वसाहतीत परके वाटू लागले. याउलट ज्या गावांचे स्थलांतर झाले नाही, तेथे मालकांनी सरकारी साहाय्य आणि अभियंत्याचा सल्ला घेऊन आपली घरे आपणच दुरुस्त केली, गवंड्यांना भिंत बांधण्याची नवी रीत शिकविली. ती घरे लोकांना आपली वाटली. पुढे भुजमध्ये याच दुसऱ्या मार्गाला प्राधान्य मिळाले.

आणि तोच धडा हिमालय चढून गोरखा आणि नुवाकोट या नेपाळी जिल्ह्यांत गेला, ही गोष्ट मला सर्व विमानांच्या उड्डाणांपेक्षा मोलाची वाटते. भूकंपानंतर भारताने नेपाळच्या पुनर्बांधणीसाठी १ अब्ज डॉलरचे साहाय्य जाहीर केले, पाव भाग अनुदान आणि उरलेले सवलतीचे कर्ज. त्यातून या दोन जिल्ह्यांत ५० हजार घरे उभी राहिली. घर कंत्राटदाराने बांधून किल्ली हाती द्यायची नाही. पैसा हप्त्याहप्त्याने मालकाला द्यायचा, पाया झाला की एक तपासणी, भिंती झाल्या की दुसरी, आणि तपासणीत उतरले तरच पुढचा हप्ता. दारोदार जाऊन मार्गदर्शन करण्याचे काम गोरख्यात आणि नुवाकोटात संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांकडे सोपविले होते. गोरखा जिल्ह्यातील जुने घरही दगड आणि चिखल यांचेच; थर बांधून धरणारा लांब दगड तेथेही नव्हता, भिंतीला चहूबाजूंनी आवळणारा पट्टा तेथेही नव्हता. किल्लारीच्या म्हातारीने जे भोगले ते गोरख्याच्या म्हातारीने भोगले, आणि दोघींच्या नातवंडांच्या घरांत आता तो पट्टा आहे. ढिगारा उपसायला दहा दिवस पुरतात, घर उभे करायला पाच-सहा वर्षे लागतात. छायाचित्रकार पहिल्या दहा दिवसांपुरतेच येतात, आणि म्हणून मदतीच्या या दीर्घ अर्ध्याविषयी आपल्या वर्तमानपत्रांत फारच थोडे छापून येते.

समुद्रमार्गे जाणारी मदत अशीच डोळ्याआड राहते. डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवच्या राजधानीत समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या यंत्रशाळेला आग लागून लाखभर माणसे तहानलेली झाली, तेव्हा दीपक हे जहाज मुंबईहून सुमारे १००० टन पिण्याचे पाणी घेऊन गेले. मार्च २०१९ मध्ये मोझांबिकच्या बैरा शहरावर चक्रीवादळ आदळले, आणि त्या भागात असलेली आपली तीन जहाजे सर्वांआधी तेथे पोहोचून १९२ माणसांना वाचवू शकली. नोव्हेंबर २०२५ मध्ये श्रीलंकेत वादळाने हाहाकार केला, तर विक्रांत ही विमानवाहू नौका कोलंबो बंदरातच होती आणि तिच्यावरील शिधा तत्काळ किनाऱ्यावर उतरला. आणि मे २००८ मध्ये तर मदत वाऱ्याच्याही आधी गेली होती: आपल्या हवामान खात्याने ब्रह्मदेशाला नर्गिस वादळाची सूचना दोन दिवस अगोदर दिली होती. ती शेवटच्या खेड्यापर्यंत पोहोचली नाही, आणि सव्वा लाखाहून अधिक माणसे बुडाली. मार्च २०२५ मध्ये त्याच देशात मंडालेजवळ धरणी हादरली, तेव्हा एनडीआरएफचे ८० जण पडलेल्या बौद्ध मठांच्या विटा उपसायला गेले आणि ११८ जणांचे लष्करी रुग्णालय त्या शहरात उभे राहिले.

एवढे सगळे होत असूनही त्यात एक कच्चेपणा शिल्लक आहे, आणि तो भिवंडीतून पाहिला की नीट दिसतो. मानकोली नाक्यावर उभे राहावे. काल्हेर, पूर्णा, दापोडे, राहनाळ, वळ अशी गावे, जी दोन पिढ्यांपूर्वी भाताची होती, ती आता पत्र्याच्या अवाढव्य गोदामांनी भरली आहेत. मुंबईची जकात चुकवून माल तिच्या वेशीवर साठवावा, या व्यापारी हिशेबातून ती उभी राहिली. २०१७ मध्ये जकात गेली, पण गोदामे गेली नाहीत, उलट वाढली. आत गेले की छपरापर्यंत मांडण्या, प्रत्येक खोक्यावर पट्टी, प्रत्येक पॅलेटचा ठावठिकाणा यंत्रात नोंदलेला. फोर्कलिफ्ट चालविणारा जवान पोऱ्या हव्या त्या खोक्यापाशी दोन मिनिटांत पोहोचतो. शहरात मागांचा खडखडाट, साईझिंगच्या चिमण्या, कोऱ्या कापडाचे ताके आणि गाठी. आपत्तीच्या पहिल्या आठवड्यात जे लागते, म्हणजे चादर, बँडेजचे कापड, ताडपत्री, आणि उच्चारताना जीभ अडखळली तरी सांगितलेच पाहिजे असे कफनाचे कापड, ते विणण्याची आणि साठविण्याची कला एकाच गावी नांदते आहे.

आणि तरीही दूर कोठे आपत्ती आली की आपण करतो काय? जुने कपडे गोळा करतो. भुजच्या रस्त्यांच्या कडेला आणि नागपट्टिणमच्या किनाऱ्यावर वापरलेल्या कपड्यांचे जे ढीग कुजत पडले होते, ते पाहिलेल्या कोणत्याही स्वयंसेवकाला विचारा. ते कपडे प्रेमाने दिलेले होते यात शंका नाही. परंतु सर्व प्रकारचे, सर्व मापांचे, न निवडलेले गाठोडे उतरवून घ्यायला माणसे लागतात, साठवायला छप्पर लागते, आणि आपद्ग्रस्त प्रदेशात नेमक्या याच दोन गोष्टींची टंचाई असते. आंतरराष्ट्रीय मदत संस्थांनी ठरविलेली ताडपत्री पहा: लांबी ६ मीटर, रुंदी ४ मीटर, वजन साडेचार किलोंच्या आसपास, कडांना दोर ओवायची भोके आणि मध्ये जाडसर पट्टे, म्हणजे वाऱ्यात ती फाटत नाही. जगात कोठेही गेली तरी ती तीच, म्हणून एक माणूस एका हाताने उचलतो आणि दुसऱ्याला सांगावे न लागता ती ताणली जाते. भारताने अमेरिकेलाही कतरिना वादळानंतर सप्टेंबर २००५ मध्ये २५ टन सामान धाडले होते, त्यात चादरी, घोंगड्या आणि ताडपत्र्या होत्या. जपानला २५ हजार घोंगड्या गेल्या. ऑगस्ट २०२५ अखेरच्या भूकंपानंतर अफगाणिस्तानात १००० तंबू उतरले. प्रत्येक वेळी माल मिळाला, पण प्रत्येक वेळी तो शोधावा, मागवावा, मोजावा लागला.

संयुक्त राष्ट्रांचा जागतिक अन्न कार्यक्रम ब्रिंडिसी, दुबई, पनामा, आक्रा, क्वालालंपूर अशा ठिकाणी भरलेली कोठारे बाळगतो, ती याचसाठी. तसे एक कोठार भिवंडीत असावे अशी माझी सूचना आहे, आणि ती मी गांभीर्याने मांडतो. न्हावाशेवा बंदर येथून काही तासांच्या वाटेवर, मुंबईचा विमानतळ त्याहून जवळ, नौदलाचा पश्चिम तळ शेजारी, आणि माल हलविणारे हमाल, मुकादम आणि मालमोटारवाले पिढीजात तरबेज. एका मध्यम आकाराच्या गाळ्यात ताडपत्र्या, घोंगड्या, पाण्याच्या टाक्या, जलशुद्धीचे संच, स्वयंपाकाची भांडी आणि मापाप्रमाणे निवडलेले नवे कपडे कायमचे भरून ठेवावेत. औषधे आणि शिधा यांची मुदत संपत आली की ती फेकून न देता आधीच जव्हार-मोखाड्याच्या रुग्णालयांना आणि पूरग्रस्त तालुक्यांना वाटावीत, आणि त्यांच्या जागी नवा साठा यावा. म्हणजे परदेशासाठी ठेवलेल्या कोठाराचा पहिला लाभ ठाणे आणि पालघरलाच मिळेल. प्रत्येक खोक्यावरील मजकूर इंग्रजी आणि हिंदीबरोबर नेपाळी, सिंहली, बर्मी, अरबी अशा शेजाऱ्यांच्या भाषांत आधीच छापलेला असावा. साठ्याचा हिशेब दरवर्षी लोकांसमोर ठेवावा. श्रीमंत देणगीदार राष्ट्रांची विकास साहाय्य समिती सभासदांकडून मदतीचे आकडे मागते, भारत तिचा सभासद नाही, म्हणून आपला हिशेब मागणारे आपणच व्हायला हवे.

गाळ्याचे भाडे परराष्ट्र खात्याने भरावे, पहारा राज्य सरकारने ठेवावा, आणि चाव्या सुदुंबरेच्या पाचव्या पलटणीकडे असाव्यात, कारण रात्री दोन वाजता निरोप आल्यावर कुलूप कोणी उघडायचे याची चौकशी करीत बसण्याची पाळी त्या दलावर येता कामा नये.